कुडल संगमावर वीज तयार होईल का?

(सोसायटीतली चर्चा; नावांऐवजी फ्लॅट नंबर दिलेत. ए-१०१ म्हणजे अण्णा.)

बी-२०४: हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेचं एवढं पाणी, सुट्टीला एवढी माणसं. तिथं छोटा जलविद्युत प्रकल्प बसवला तर गावाच्या दिवाबत्तीचं भागेल की. अण्णा, तुम्ही सांगा.

ए-१०१: पाणी आहे ओ, पण ते पडतंय कुठं? किलोवॅट = ९.८१ × प्रवाह (घनमीटर दर सेकंदाला) × पडण्याची उंची (मीटर) × कार्यक्षमता. १० घनमीटर म्हणजे ३५३ क्युसेक (घनफूट दर सेकंदाला). उंची अडीच मीटर, कार्यक्षमता ०.७० धरली तर १७० किलोवॅट निघतात. संगमावर नद्या सपाट वाहतात, उंचीच नाही.

सी-३०३: मग बंधाऱ्यावर करता येईल ना, काका?

ए-१०१: कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) पावसाळ्याआधी काढतात, म्हणजे पाणी असतं तेव्हा उंची नसते. पुरात खालची पातळीही वर चढते, उरलासुरला फरकही जातो. नंतर बरगे घातले की उंची मिळते, पण तेव्हा वरून पाणी येणं थांबलेलं असतं.

बी-४०२: आणि भीमेवरच्या औज बंधाऱ्याचा साठा सोलापूर शहराच्या पिण्याचा आहे. १० घनमीटरनं टर्बाइन दिवसभर चाललं तर ८ लाख ६४ हजार घनमीटर, म्हणजे ०.०३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी खाली गेलं. टाकळीहून शहरासाठी होणारा उपसा त्यावरच आहे. हे करूच नये.

सी-३०३: उजनीला तर वीज होते.

ए-१०१: तिथं धरणाची उंची आहे, म्हणून १२ मेगावॅटचा संच चालतो. लहान प्रकल्पाला कालव्याचा धबधबा, म्हणजे कालव्यात पाणी एकदम खाली पडतं ती जागा, बरा: उंची ठरलेली, पूर नाही. पण चालणार फक्त आवर्तनात, म्हणजे कालव्याला पाणी सोडतात तेव्हा.

बी-४०२: टर्बाइनच्या तोंडाशी कचरा अडवणाऱ्या जाळीचंही बघा. जलपर्णी आणि निर्माल्य अडकून जाळीच्या पुढं-मागं ३० सेंटिमीटर फरक पडला तर अडीच मीटरातले १२ टक्के गेले. जाळी तिरकी हवी, वरून दाताळ्यानं ओढता आली पाहिजे आणि माणूस रोज हवा.

ए-१०१: बरोबर. आणखी एक, लाइन ट्रिप झाली, म्हणजे वीजवाहिनी अचानक बंद पडली की भार सुटतो आणि टर्बाइन सुसाट पळतं. म्हणून झडप वीज नसताना स्वतःच्या वजनानं बंद होणारी लागते. ती बंद झाली की अडलेल्या पाण्याला सांडव्यावरून वाट हवी.

बी-२०४: लोक अंघोळीला उतरतात तिथं?

ए-१०१: तीच माझी मोठी काळजी. संच सुरू झाला की खालचं पाणी मिनिटांत चढतं. आधी भोंगा, मग माणसानं काठ बघायचा, मग झडप टप्प्याटप्प्यानं उघडायची. टर्बाइनच्या तोंडाशी तरंगता अडथळा आणि कुंपण पाहिजेच. यात काटकसर नको.

बी-२०४: मग दिवाबत्तीचं?

ए-१०१: त्याला छतावर सोलर, सोलापूरला उन्हाची कमी नाही. तरी कालव्याचं बघायचंच असेल तर धबधब्याच्या वर आणि खाली दोन मोजपट्ट्या रंगवून एकाच वेळी रोज नोंद ठेवा. आवर्तनाचे दिवसही त्याच वहीत लिहा. वर्षभराची वही भरल्याशिवाय टर्बाइनचं कोटेशन मागवू नका.