मदत हवी आहे: लोकरवालं सॉसुरिया, रूप एक सांगतं आणि डीएनए दुसरंच

नमस्कार मंडळी,
गच्चीतल्या कुंडीत रात्री फुलतं ते ‘ब्रह्मकमळ’ म्हणजे अमेरिकेतून आलेलं निवडुंग, त्याचा हा धागा नाही. उत्तराखंडचं राज्यपुष्प असलेलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं, सॉसुरिया प्रजातीतलं. माझं घोडं अडलंय त्याच्याच एका भावंडावर.

उत्तराखंडातल्याच चमोली जिल्ह्यात ४२०० मीटरच्या वर, दगडगोट्यांच्या उतारावर तीन रोपं दिसली. वीतभर उंच, लोकरीत गुंडाळलेली, माथ्यावर भुंगा शिरेल एवढं भोक. फ्लोरातली (त्या भागातल्या वनस्पतींच्या ग्रंथातली) ओळख पटवायची की लावली तर सॉसुरिया गॉसिपिफोरा या लोकरवाल्या जातीपाशी पोचते, पण पानांच्या कडा जुळत नाहीत आणि लोकर जांभळट आहे. परवानगी होती, म्हणून एकेक पान डीएनएसाठी सिलिका जेलमध्ये सुकवून आणलं. आयटीएस (ओळखीसाठी वाचतात तो केंद्रकातल्या डीएनएचा तुकडा) गॉसिपिफोराशेजारी बसतो. क्लोरोप्लास्टचा (हरितलवकाचा) डीएनए मात्र थेट बिनलोकरीच्या जातींच्या घोळक्यात!

लोकरीवर विसंबू नये हे कळतं. पूर्वी लोकरवाल्या जाती एका गटात, ब्रह्मकमळासारख्या पातळ, मोठ्या सहपत्रांच्या (फुलांभोवतीच्या पानांच्या) दुसऱ्यात, अशी वाटणी होती. डीएनएने ती मोडली, कारण थंडीत तगायच्या या युक्त्या वेगवेगळ्या शाखांना स्वतंत्रपणे साधल्यात. पण मग धरायचं काय? माझे संशोधनाचे गाईड म्हणतात, नवी जाती म्हणून लिहून टाक. मला धीर होत नाही.

प्रतिसाद १:
आयटीएसचा क्रोमॅटोग्राम (डीएनए वाचताना यंत्राने काढलेला शिखरांचा आलेख) उघडून बघ. एकाच जागी दोन शिखरं आहेत का? असली तर दोन जातींचा संकर असू शकतो. क्लोरोप्लास्ट बहुतेक फुलझाडांत आईकडूनच येतो, त्यामुळे तो अर्धीच वंशावळ सांगतो. आणि जेनबँकेतल्या (डीएनए अनुक्रमांच्या खुल्या साठ्यातल्या) नावांवर डोळे झाकून विश्वास नको, तिथे चुकीच्या ओळखीचे नमुनेही असतात.

धागाकर्ती:
अगंबाई, चार जागी जोडशिखरं आहेत! खराब रीड समजून मी तिथे ‘एन’ (म्हणजे ‘अक्षर कळत नाही’) टाकून मोकळी झाले होते.

प्रतिसाद २:
संकराचा संशय घ्यायला हरकत नाही, पण तेवढ्यावर शिक्कामोर्तब नको. एकाच रोपात आयटीएसच्या जुन्या निरनिराळ्या प्रतीही उरलेल्या असतात. क्लोनिंग करून प्रती वेगळ्या काढा, केंद्रकातली आणखी काही जनुकं घ्या. देहरादूनला वन संशोधन संस्थेचं हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) आहे, तिथले गॉसिपिफोराचे जुने नमुने मांडून पानांच्या कडा मोजा. तीन रोपांवर नवी जाती लिहू नका, गाईड काहीही म्हणोत. पुढच्या हंगामात आसपासचे बिनलोकरीचे शेजारीही गोळा करा. संकर असेल, तर आई त्यांच्यातच सापडायची.

धागाकर्ती:
क्लोनिंगचं किट उद्याच मागवते. गाईडना काय सांगायचं, त्याचा वेगळा धागा काढावा लागेल.