ऑर्डरी इन्स्टावरच येतात, मग इन्स्टा कमी कसं करायचं?

अनारसेवाली_दांडियाबाजार
बडोद्यात राहते, घरून फराळ आणि पुरणपोळीच्या ऑर्डरी घेते. गिऱ्हाईक बहुतेक गुजराती, "बेन, पूरणपोळी मळशे?" असं इन्स्टाग्रामवरच विचारतात. त्यामुळे "अ‍ॅप काढून टाक" हा सल्ला कृपया नको. तो आमच्या जाऊबाईंनी देऊन झालाय, आणि त्यांची स्वतःची अख्खी दुपार रील्समध्ये जाते.

वेळ जातो त्याचं एक वेळ ठीक, पण डोकं खराब होतं. मेसेज बघायला अ‍ॅप उघडलं की आधी दिसतो पुण्यातल्या कुणाचा तरी अनारसा. खसखशीची बाजू वर, झाऱ्यानं तूप उडवतायत, जाळी कशी सुईनं टोचून काढल्यासारखी. खाली हजारो लाइक. अंगठा सरकतो, दुसरा येतो, तिसरा येतो, आणि मग आठवतं की वाघोडिया रोडच्या बाईंना उत्तर द्यायचं राहिलंय. तोवर परातीतल्या माझ्या अनारशांकडे बघावंसंच वाटत नाही. आईच्या हाताखाली शिकलेय, चांगले होतात हो! पण त्या क्षणी पटत नाही.

२०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा वाटलं, ब्याद टळली. पुढच्याच महिन्यात इन्स्टानं रील्स आणले. धंदा चालू ठेवून यातून कुणी मार्ग काढलाय का?

रावपुरा_काका
ताई, फोन स्वयंपाकघरात न्यायचाच कशाला? सकाळी कमाटीबागेत एक फेरी मारा, फोन घरी ठेवून. ते स्क्रोल कधी संपत नाही, ते मुद्दाम तसं केलंय. २००६ मध्ये अझा रास्किन नावाच्या डिझायनरनं ती युक्ती काढली. पूर्वी पान संपलं की पुढच्या पानावर जायला बटण दाबावं लागायचं, तेवढ्यात माणूस भानावर यायचा. ते बटणच गेलं. पुढे त्या गृहस्थालाच त्याचा पश्चात्ताप झाला, पण आता काय उपयोग!

अलकापुरी_पोस्टवाली
काका, सकाळी फेरी मारली तर पोळ्या कोण लाटणार? 😄

ताई, मी दोन दुकानांची इन्स्टा खाती सांभाळते. माझं सांगणं एवढंच की कामासाठी इन्स्टा उघडायचंच नाही. मेटा बिझनेस सूट म्हणून वेगळं अ‍ॅप आहे, फुकट. खातं प्रोफेशनल करून घ्या. मग फोटो तिथूनच टाकायचा, हवं तर आधीच वेळ लावून ठेवायची, आणि मेसेजला उत्तरही तिथूनच द्यायचं. पुण्याचे अनारसे मध्ये येत नाहीत.

दुसरं, बायोमध्ये व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसची लिंक द्या आणि तिथल्या कॅटलॉगमध्ये फोटो आणि भाव भरा. नुसता भाव विचारणारे परस्पर तिथेच बघून घेतात. 'अवे मेसेज'लाही वेळ लावता येते. रात्री कुणी लिहिलं की "सकाळी कळवते" असं आपोआप जातं. रात्री अकराला कुणाला चकलीची घाई नसते, ती घाई आपल्यालाच असते.

एवढं करूनही इन्स्टात शिरायचंच असेल, तर सेटिंग्जमध्ये सुचवलेल्या पोस्ट ३० दिवसांपुरत्या थांबवता येतात. मुदत संपली की गुपचूप परत येतात, तेव्हा तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. रील्सचं बटण मात्र जागचं हलत नाही, त्याला इलाज नाही.

कारेलीबाग_शिवणकाम
वरचं सगळं बरोबर, पण माझा थोडा वेगळा अनुभव. ब्लाउजच्या गळ्यांचे व्हिडिओ बघणं मला लागतंच, नवे नमुने तिथूनच मिळतात. म्हणून बघते, पण गिऱ्हाईक येऊन गेल्यावर, मशीनपाशी बसून, वही घेऊन. जे उतरवून घ्यावंसं वाटत नाही ते 'नॉट इंटरेस्टेड' करते. आणि ताई, लाखभर लाइक देणाऱ्यांतला एक तरी तुमच्या जिन्यावरून वर येऊन डबा नेणार आहे का? तुमचं गिऱ्हाईक वाघोडिया रोडचं, त्याला आधी उत्तर द्या.

अनारसेवाली_दांडियाबाजार
दिलं हो त्यांना, दोन डझन गेले 🙂 ते बिझनेस सूट अ‍ॅप टाकलंय, मेसेज दिसतायत. आता कॅटलॉगचं अडलंय. चकली मी किलोवर देते, अनारसे नगावर. भावाच्या रकान्यात काय लिहायचं?

अलकापुरी_पोस्टवाली
दोन वेगळ्या वस्तू करा. चकलीला अर्ध्या किलोचा भाव, अनारशाला डझनाचा, आणि "अर्धा किलो" किंवा "डझन" हे नावातच लिहा. खालचं वर्णन कुणी वाचत नाही.