रक्तातलं औषध उतरताना दाखवायचं: सूत्र की लूप?

खानापूरचा मामा
भाचा बेळगावात बी.फार्म.ला आहे. रक्तातलं औषध वेळेनुसार कसं कमी होतं, त्याचा आलेख पायथनमध्ये काढून आणायला सांगितलाय. पठ्ठ्यानं घातांकाचं सूत्र एका ओळीत लिहिलं, गुळगुळीत रेघ काढली, झालं काम. पोरगं शिकलं काय यातून? लूप लावायला पाहिजे होता. आहे त्यातलं एवढं गेलं, उरलं त्यातलं परत एवढं गेलं. शरीर काय ‘ई’चा घात काढत बसतंय होय?

टिळकवाडीकर
मामा, शरीर तासातासाला थांबतही नाही. लिटरला १० मिलिग्रॅम धरा, हाफ लाइफ, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा वेळ, २ तास, साधारण पॅरासिटामॉलसारखं. ६ तासांत तीनदा निम्मं होऊन १.२५ उरायला पाहिजे. तुमचा लूप पायरीच्या सुरुवातीचा वेग पायरीभर तसाच धरतो, म्हणून एकेका तासाची पायरी घेऊन ०.७८ दाखवतोय. तीन तासांची पायरी घ्या, पहिल्याच उडीला वजा ०.४. रक्तात उणे औषध! सूत्र हाताशी असताना हा उद्योग सांगितलाय कुणी?

खानापूरचा मामा
एका मिनिटाची पायरी घ्या की, १.२४ येतंय. आणि ते वजा ०.४ पोरानं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावंच.

निपाणी, औषधांचं काउंटर
दोघंही सोप्या औषधावर भांडताय. फिटवरची फेनिटॉइन घ्या. तिथं ‘उरलेल्यातला ठरावीक हिस्सा’ हा नियमच टिकत नाही. कोगनोळी टोलनाका दिवाळीत बघा: सगळ्या लेन भरल्या की मागं रांग कितीही वाढू दे, तासाला सुटणाऱ्या गाड्या तेवढ्याच. यकृतातल्या एन्झाइमचं तसंच होतंय. दिवसाला जास्तीत जास्त ४५० मिलिग्रॅम निचरा आणि केएम, म्हणजे निचरा कमाल वेगाच्या निम्म्यावर असतो ती पातळी, लिटरला ४ मिलिग्रॅम धरली, तर रोज ३०० मिलिग्रॅमवर पातळी ८ ला स्थिरावते. डोस ४०० केला की ३२! उपयोगी पट्टा १० ते २०. डोस फक्त एक तृतीयांशानं वाढवलेला, आणि पेशंट झोकांड्या खात दारात उभा. ही उसळी तुमच्या एका ओळीच्या सूत्रात बसवून दाखवा.

टिळकवाडीकर
फेनिटॉइनपुरतं मान्य. पण मग हातानं लूप कशाला, पायथनच्या सायपाय लायब्ररीत अशी समीकरणं सोडवणारा तयार सॉल्व्हर आहे की. पायरी तोच ठरवतो. आणि पहिल्या प्रॅक्टिकलला फेनिटॉइन म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला थेट मलप्रभेच्या पुरात ढकलणं.

निपाणी, औषधांचं काउंटर
ढकलू नका, काठावरून तरी दाखवा. उभा अक्ष लॉगचा करा, म्हणजे सारखं अंतर तिथं सारख्या पटीचं. पॅरासिटामॉलची रेघ सरळ उतरेल. फेनिटॉइनची आधी आडवी-आडवी रेंगाळेल आणि पातळी खाली आल्यावर मगच वाकेल.

खानापूरचा मामा
काल रात्री दोन्ही रेघा काढल्या, निपाणीच्या ताई म्हणतात तशाच आल्या. फक्त अक्षावर ‘रक्तातील पातळी’ लिहिलं तर नुसते चौकोन उमटले. देवनागरी फाँट घातला, तर आता ‘क्त’ फुटतोय. यावर कुणाकडं काही आहे का?