मदत हवी आहे: पालच्या नाल्यातला कस्तूर इथलाच की हिमालयातला?

नमस्कार मंडळी,

रावेर तालुक्यात पालच्या पुढे, सुकी नदीला मिळणाऱ्या एका सावलीच्या नाल्यात पौषात हा पक्षी दिसला. नेमकी जागा मुद्दाम लिहीत नाही. गाण्यासाठी या जातीला पिंजऱ्यात ठेवतात, जावाकडे तर बेसुमार पकडतात.

मैनेपेक्षा जरा लहान. डोकं, छाती, पोट नारिंगी. पाठ निळसर राखाडी. मिटलेल्या पंखावर ठळक पांढरी पट्टी आणि शेपटीखाली पांढरा. जमिनीवरच वावरत होता. सागाची वाळकी पानं चोचीने उलटून फेकायची, किडा टिपायचा, पुन्हा स्तब्ध. उडताना एकच बारीक, ताणलेली 'झीऽट' ऐकू आली.

हा नारिंगी डोक्याचा कस्तूर, याबद्दल मला शंका नाही. सोबतचे भाऊ म्हणाले, हा नवरंग पक्षी, पण नवरंगाची पाठ हिरवी, शेपूट आखूड, आणि हिवाळ्यात तो दक्षिण भारतात, श्रीलंकेत असतो.

अडलंय ते चेहऱ्यापाशी. आपल्या द्वीपकल्पातल्या 'सायनोटस' उपजातीचे गाल आणि गळा पांढरे असतात, त्यावर दोन उभ्या काळपट पट्ट्या: एक डोळ्याखाली, दुसरी कानावर. हिमालयात वीण करणाऱ्या 'सिट्रिना'चं डोकं जवळपास सगळं नारिंगी, आणि तो थंडीत खाली दक्षिणेकडे उतरतो. माझ्या फोटोत गाल नारिंगीच दिसतो, पट्ट्या नाहीत. पिल्लू म्हणावं तर त्याच्या पाठीवर फिकट रेघा हव्यात. इथे पाठ स्वच्छ आहे.

म्हणून मला हा पाहुणा वाटतो. पण पालचे एक पावरा दादा सांगतात, याच नाल्यात पावसाळ्यात असाच पक्षी झाडावर बसून खूप वेळ गातो, मधेच दुसऱ्या पक्ष्यांचे आवाजही काढतो. आपल्याकडचे कस्तूर पावसाळ्यातच घरटं करतात, तेव्हा तो सायनोटस असणार. एकाच नाल्यात ऋतू बदलला की उपजातही बदलते का, हे मला मनापासून जाणून घ्यायचंय.

यावल, तोरणमाळ, अनेर या भागात डिसेंबर ते फेब्रुवारीत कोणी कस्तूराचे फोटो काढले असतील तर कृपया इथे टाका, महिना लिहून. गाल दिसेल असा बाजूने घेतलेला एक फोटोही पुरे. आणि उजेड कमी असताना सायनोटसच्या पट्ट्या फोटोत पुसट होऊ शकतात का, हेही अनुभवी मंडळींनी सांगावं.