शत्रू, वैरी, गनीम आणि प्रतिस्पर्धी

प्रश्न:
अनुवाद करताना एकाच परिच्छेदात ‘शत्रू’ हा शब्द पाच वेळा आल्याने मी दोन ठिकाणी ‘वैरी’ आणि एका ठिकाणी ‘प्रतिस्पर्धी’ असा बदल केला; परंतु संपादकांनी तो अमान्य केला. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत काय?

उत्तर १:
संपादकांचे बरोबर आहे. शत्रू अनोळखी असू शकतो. सीमेपलीकडच्या सैनिकाशी आपले वैयक्तिक भांडण नसते. वैराला मात्र पूर्वेतिहास लागतो, म्हणूनच आपण ‘पिढीजात वैर’, ‘हाडवैरी’ असे म्हणतो, आणि शेताच्या बांधावरून भांडणारे चुलतभाऊ एकमेकांचे वैरी होतात. प्रतिस्पर्ध्याला केवळ हरवायचे असते, नाहीसे करायचे नसते. तोच नसेल तर सामना कसला?

उत्तर २:
‘गनीम’ विसरू नये. अरबी-फारसीतून आलेल्या या शब्दामागे लुटीचा अर्थ आहे, आणि मोगलांच्या फारसी लेखनात तो मराठ्यांसाठी वापरला जात असे. मराठीत तो शत्रूसाठी रुळला, तरी ‘गनिमी कावा’ मात्र आपण अभिमानाने आपलाच मानतो, हे गमतीचे आहे. ‘रिपू’ आता बहुधा षड्रिपूंपुरताच उरला आहे.

उत्तर ३:
विधानसभेत विरोधी पक्षनेता असतो आणि न्यायालयात प्रतिवादी. या दोन्ही शब्दांत मतभेद किंवा दावा आहे, द्वेष गृहीत नाही.

प्रश्नकर्ता:
आपले आभार. मूळ मजकुरात वाद सख्ख्या भावांचा असल्याने मी पाचही ठिकाणी ‘वैरी’च योजावा असे आता वाटते, पुनरुक्ती झाली तरी.