एच६१ मदरबोर्डवर आय३-२१०० च्या जागी आय७-३७७० चालेल का?

प्रश्न:
माझ्या घरच्या संगणकात इंटेलचा आय३-२१०० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा (प्रोसेसरला इतर भागांशी जोडणाऱ्या चिपचा) मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम आणि जुनी हार्ड डिस्क आहे. काम हिशेबाचे, ब्राउझरचे आणि अधूनमधून व्हिडिओ संपादनाचे असते. दोन्ही प्रोसेसरांचे सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसवायची जागा) एलजीए ११५५ असल्यामुळे वापरलेला आय७-३७७० थेट चालेल, असे विक्रेता म्हणतो. एवढ्यावर विसंबून तो घ्यावा का?

प्रतिसाद १:
घेऊ नये. सॉकेट एक असले, तरी आय३-२१०० सँडी ब्रिज पिढीतला आहे आणि आय७-३७७० हा २०१२ मध्ये आलेल्या आयव्ही ब्रिज पिढीतला. एच६१ चे जे बोर्ड त्याआधी विकले गेले, त्यांचा मूळ बायोस (संगणक सुरू होताना चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम) या पिढीला ओळखत नाही आणि प्रोसेसर व्यवस्थित बसूनही पडदा काळाच राहतो. विंडोजच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मधून बोर्डाचे मॉडेल आणि बायोसची आवृत्ती टिपून घ्या. मग निर्मात्याच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलच्या, आणि बोर्डावर छापलेल्या त्याच रिव्हिजनच्या (बोर्डाच्या आवृत्तीच्या), प्रोसेसर-यादीत आय७-३७७० समोर किमान कोणता बायोस दिला आहे ते पाहा. बायोस अद्ययावत करण्याचे काम जुना आय३ जागेवर असतानाच करावे लागते. मध्येच वीज गेल्यास बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएस हवाच.

प्रतिसाद २:
बायोसला हात लावायचा नसेल, तर सँडी ब्रिजमधलाच आय७-२६०० पाहा. त्यातही चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे) आहेत. मात्र तो ९५ वॅटचा आहे (तुमचा आय३ ६५ चा, ३७७० ७७ चा), तेव्हा आय३ सोबत आलेला छोटा कूलर त्यावर ठेवू नका. नावापुढे ‘के’ असलेल्या प्रोसेसरासाठी जादा पैसे देण्यात अर्थ नाही, कारण एच६१ वर ओव्हरक्लॉकिंगची (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याची) सोय नाही.

प्रश्नकर्ता:
आभार. यादीत ३७७० आहे, पण माझा बायोस त्याहून जुना निघाला. या बदलानंतर विंडोज ११ चालेल का?

प्रतिसाद १:
अधिकृतरीत्या नाही, त्यासाठी इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते, आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. माझ्या मते आधी जुन्या हार्ड डिस्कच्या जागी साटा जोडणीची एसएसडी (वेगवान साठवण) घ्यावी. एच६१ चे साटा पोर्ट सेकंदाला ३ गिगाबिटचेच असले, तरी हिशेब आणि ब्राउझर यांतला फरक तिनेच जाणवेल. आय७ चा खर्च व्हिडिओ संपादन नियमित असेल तरच करावा.