हायड्रोजन किट : खरी अडचण टाकीची
जुन्या पेट्रोल गाडीला सीएनजीसारखं हायड्रोजन किट बसवायचं म्हणताय, पण इंजिनपेक्षा गोची टाकीची आहे हो. सीएनजी २०० बार दाबाला भरतात, कारमधला हायड्रोजन ७०० बारला, तिथे कार्बन फायबरची महागडी टाकी लागते, डिकीतला लोखंडी सिलेंडर नाही चालत. गडकरी २०२२ला ज्या हायड्रोजनवर चालणाऱ्या टोयोटा मिराईतून संसदेत गेले तिच्या तीन टाक्यांत मिळून जेमतेम साडेपाच किलो मावतो. शिवाय पाण्यापासून एक किलो काढायला ५०-५५ युनिट वीज जाते, त्यात मिराई शंभरेक किमी पळेल, तेवढ्याच विजेत बॅटरीवाली तीनशेच्या वर. आणि ते बाटलीत पाणी घालायचं मायलेज किट तर कृपा करून घेऊच नका, पाण्यातून हायड्रोजन काढायला त्याला करंट इंजिनवर फिरणारा अल्टरनेटरच देतो, म्हणजे शेवटी जळतं तुमचंच पेट्रोल.